गिटार म्हातारी झाली की महाग का होते?

क्वेंटिन टॅरेंटिनोचा ‘द हेटफुल एट’ तुम्ही पाहिला असेल, तर त्यातला गिटारचा प्रसंग नक्की आठवत असेल. बाहेर बर्फाचं वादळ, आत खोलीत जेनिफर जेसन ली गिटार घेऊन गाणं म्हणतेय. कर्ट रसेल येतो, तिच्या हातातली गिटार हिसकावतो आणि आपटून तिचे तुकडे करतो. जेनिफर दचकून ओरडते. ते ओरडणं अभिनय नव्हता. फुटली ती शूटिंगसाठी बनवलेली नकली गिटार नव्हतीच, मार्टिन या अमेरिकन कंपनीच्या म्युझियममधून उसनी आणलेली, १८७० च्या दशकातली अस्सल गिटार होती. फोडण्यासाठी हुबेहूब नकला तयार ठेवलेल्या होत्या. गाण्याचा भाग संपला की शूटिंग थांबवायचं, अस्सल गिटार बाजूला ठेवायची आणि नक्कल हातात द्यायची, असं ठरलं होतं. रसेलला मात्र आपण काय हातात घेतलंय याची कल्पनाच नव्हती. म्युझियमला विम्याचे पैसे मिळाले. तरीही सिनेमा आल्यावर त्यांनी जाहीर करून टाकलं की, यापुढे कुठल्याही सिनेमाला गिटार उसनी देणार नाही.

आता विचार करा, मार्टिन कंपनी आजही गिटारी बनवते. त्याच गावात, त्याच नावानं. तिच्याकडे लाकूड आहे, यंत्रं आहेत, जुनी मापं आहेत. मग तशीच दुसरी बनवून घ्यायला काय हरकत होती? मोबाइल दोन वर्षांत जुना होतो आणि कवडीमोल होतो. बाइक शोरूमच्या बाहेर आली की तिची किंमत घसरते. मग ही लाकडाची पोकळ पेटी म्हातारी होते तशी महाग का होत जाते?

एक गोष्ट आधीच बाजूला काढू, म्हणजे घोटाळा होणार नाही. जून २०२० मध्ये कर्ट कोबेनची अकॉस्टिक गिटार अमेरिकेत लिलावात विकली गेली, ६० लाख १० हजार डॉलरना. त्या वेळच्या दरानं साधारण ४५ कोटी रुपये. निर्वाणाचा ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ कार्यक्रम नोव्हेंबर १९९३ मध्ये रेकॉर्ड झाला, त्यात त्याच्या हातात होती तीच ही. मार्टिनची १९५९ ची डी-१८ई. आता गंमत बघा. हे मॉडेल कधीच फारसं कोणाला आवडलं नव्हतं. अकॉस्टिक गिटारच्या वरच्या फळीला भोकं पाडून त्यात इलेक्ट्रिकचे पिकअप आणि बटणं बसवलेली, म्हणजे धड ही नाही नि धड ती नाही. कंपनीनं जेमतेम तीनशेच्या आसपास बनवल्या आणि थांबवल्या. त्याच बॅचमधली दुसरी एखादी गिटार या किमतीच्या आसपासही फिरकणार नाही. तेव्हा हे ४५ कोटी कोबेनचे आहेत, गिटारचे नाहीत. सचिनची बॅट लिलावात गेली तर आपण विलो लाकडाची चर्चा करत बसत नाही, तसंच हे.

खरी मजा आहे ती कोणाही प्रसिद्ध माणसाचा हात न लागलेल्या गिटारींमध्ये. मार्टिनची दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची डी-४५ घ्या. १९३३ ते १९४२ या काळात कंपनीनं या फक्त ९१ बनवल्या. आज त्यातली एखादी बाजारात आली की भाव काही लाख डॉलरच्या घरात जातो, मग ती टेक्सासमधल्या कोणा अनोळखी शेतकऱ्याच्या घरात सापडलेली का असेना. ९१ हा आकडा कमी आहे हे खरं. पण कमी असणं एवढंच कारण असतं, तर कंपन्यांची फसलेली सगळीच मॉडेल्स सोन्याच्या भावानं गेली असती. तशी ती जात नाहीत. तेव्हा गिटारच्या पोटात शिरायला हवं.

गिटारमध्ये सगळ्यात जास्त बोलते ती वरची फळी, जिच्यावर ब्रिज चिकटवलेला असतो. ही फळी साधारण तीन मिलिमीटर जाडीची. स्टीलच्या सहा तारा सुरात लावल्या की त्यांची एकत्रित ओढ सत्तर-पंचाहत्तर किलोंपर्यंत जाते. म्हणजे एक मोठा माणूस त्या पापुद्र्याला रात्रंदिवस लोंबकळतोय असं समजा. फळी उचकटू नये म्हणून आतून लाकडी पट्ट्या चिकटवतात, त्यांना ब्रेसिंग म्हणतात. जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शन गावातून १८३३ मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या आणि पुढे पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला स्थायिक झालेल्या ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन यांच्या कारखान्यानं या पट्ट्या फुलीच्या आकारात बसवायची पद्धत रुळवली. आज तुमच्या कॉलेजच्या फेस्टमध्ये दिसणाऱ्या बहुतेक स्टील तारांच्या गिटारींच्या पोटात तीच फुली असते.

सगळा पेच इथे आहे. पट्ट्या जाड ठेवल्या तर गिटार मजबूत होते, पण मुकी होते. पट्ट्या बारीक केल्या तर ती घुमते, पण तारांच्या ओढीनं फळीला पोट येण्याची भीती. १९३० च्या दशकात मार्टिनचे कारागीर या पट्ट्या मधून खरवडून कमानीसारख्या हलक्या करत. डी-२८ सारख्या मोठ्या अंगाच्या गिटारीला त्यामुळे असा खर्ज मिळाला की, बँजो आणि फिडलच्या गोंगाटातसुद्धा ती ऐकू यायची. ब्लूग्रास वाजवणाऱ्यांनी ती उगाच डोक्यावर घेतली नाही. (या मोठ्या आकाराचं नाव ‘ड्रेडनॉट’. हे मूळचं ब्रिटिश युद्धनौकेचं नाव. त्या काळात एवढी गलेलठ्ठ गिटार लोकांना जहाजासारखीच वाटली असणार.)

मग वादक जाड तारा लावायला लागले. फळ्या फुगू लागल्या, गिटारी दुरुस्तीला परत येऊ लागल्या. कोणत्याही शहाण्या कंपनीनं केलं असतं तेच मार्टिननं केलं. १९४४ च्या अखेरीस पट्ट्या खरवडणं बंद केलं. गिटार मजबूत झाली, तक्रारी कमी झाल्या, आणि आवाजातलं काहीतरी निघून गेलं. ते गेलं आहे हे कळायला लोकांना वीसेक वर्षं लागली. साठच्या दशकात अमेरिकेत लोकसंगीताची लाट आली, कॉलेजातली पोरं गिटार घेऊन बसू लागली आणि त्यांच्या लक्षात आलं की, दुकानातल्या कोऱ्या गिटारीपेक्षा गहाणवटीच्या दुकानात धूळ खात पडलेली युद्धाआधीची गिटार जास्त छान वाजतेय. व्हिंटेज गिटारचा बाजार म्हणतात तो मुख्यतः इथून सुरू झाला. तोवर जुनी गिटार म्हणजे फक्त सेकंडहँड गिटार होती. शेवटी १९७६ मध्ये मार्टिननं खरवडलेल्या पट्ट्यांची एचडी-२८ बाजारात आणली. आपलंच तीस वर्षांपूर्वीचं काम कंपनीला परत शिकावं लागलं.

इथे एक मजेशीर फसगत आहे. जुन्या डी-२८ च्या काठावर माशाच्या काट्यासारखी बारीक नक्षी असे, तिला हेरिंगबोन म्हणतात. ती १९४७ मध्ये बंद झाली. संग्राहक लांबूनच ही नक्षी बघून डोळे विस्फारतात. पण पट्ट्या खरवडणं १९४४ मध्येच थांबलं होतं. म्हणजे मधल्या दोनेक वर्षांच्या गिटारींना नक्षी आहे, पण पोटातलं ते हलकं काम नाही. नक्षी ऐकू येत नाही, हे भाव लावताना भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही.

म्हणून ‘जुनं ते सोनं’ ही म्हण गिटारला लावू नका. सत्तरच्या दशकातल्या गिटारी आज पन्नाशी ओलांडून बसल्या आहेत. तरी मार्टिन आणि गिब्सन दोघांच्याही त्या काळातल्या गिटारींना जाणकार नाक मुरडतात. मागणी प्रचंड वाढली होती, कारखाने सुसाट सुटले होते आणि परत आलेल्या गिटारींचा धसका घेतलेल्या कंपन्या सगळं जाडजूड करत होत्या. मार्टिननं ब्रिजच्या खालची छोटी मेपलची पट्टी काढून तिथे मोठी रोजवूडची बसवली, गिब्सननं एका फुलीऐवजी दोन फुल्या टाकल्या. गिटारी टिकल्या खऱ्या. वय वाढलं, आवाज काही उघडला नाही.

गिब्सनचीच एक उलटी गोष्ट आहे आणि मला ती या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडते. दुसऱ्या महायुद्धात मिशिगनमधल्या कॅलमझू इथल्या गिब्सन कारखान्यातले पुरुष सैन्यात गेले. धातूचा तुटवडा होता, चांगलं लाकूड मिळत नव्हतं. आपण युद्धसामग्रीच्या कामाला लागलो आहोत, असंच कंपनी सांगत असे आणि पुढेही त्या काळातल्या गिटारींबद्दल फारसं कोणी बोललं नाही. पण त्या वर्षांतल्या हजारो गिटारी तर अस्तित्वात होत्या. डोक्याच्या भागावर ‘फक्त गिब्सनच पुरेशी चांगली’ अशा अर्थाचा फित काढलेला मजकूर असलेल्या, वादकांच्या अत्यंत लाडक्या. मग त्या बनवल्या कोणी? जॉन थॉमस या कायद्याच्या प्राध्यापकाला कारखान्यासमोर उभ्या असलेल्या बायकांचा युद्धकाळातला एक ग्रुप फोटो मिळाला आणि तो त्या बायकांना शोधत निघाला. ज्या हयात होत्या त्यांना भेटला, कंपनीच्या जुन्या वह्या चाळल्या, गिटारींचे चक्क एक्स-रे काढले. त्यातून ‘कॅलमझू गॅल्स’ हे पुस्तक तयार झालं. त्या गिटारी बायकांनी बनवल्या होत्या आणि त्यांचं आतलं काम जास्त नाजूक, जास्त सफाईचं होतं, असं त्याचं म्हणणं आहे. लाकूड इतकं कमी होतं की, काही गिटारींच्या वरच्या फळ्या दोनऐवजी चार तुकडे जोडून केलेल्या आहेत. गडद सनबर्स्ट रंगाखाली ते जोड झाकले जातात. आज याच गिटारींना वादक ‘बॅनर गिब्सन’ म्हणून शोधत फिरतात. उत्तम लाकूड म्हणजे उत्तम गिटार, हा हिशेब इथे कसा बसवायचा ते तुम्हीच बघा.

तरीही लाकडाबद्दल बोलावंच लागेल, कारण बाजारातला निम्मा पैसा त्याच्या नावानं फिरतो. आणि इथे आपल्या घरातली एक गोष्टही मधे येते. जुन्या डी-२८ आणि डी-४५ च्या पाठी आणि बाजू ब्राझिलियन रोजवूडच्या असत. गडद तपकिरी, मधूनच काळ्या रेघा, सुगंधी लाकूड. ब्राझीलच्या किनारपट्टीवरचं जंगल तुटत गेलं, तसं त्या देशानं ओंडके बाहेर पाठवण्यावर बंधनं आणली. मार्टिननं १९६९ मध्ये आपल्या नेहमीच्या मॉडेल्ससाठी ते लाकूड सोडलं आणि दुसरं घेतलं. कुठलं? आपली शिसव. तुमच्या आजीच्या माहेरी शिसवी पलंग किंवा शिसवी कपाट असेल, तर तेच झाड. व्यापारात त्याला इंडियन रोजवूड म्हणतात. सह्याद्रीत ते वाढतं, दक्षिणेतल्या मळ्यांमध्येही असतं. गेली पन्नासहून अधिक वर्षं जगभरातल्या नामांकित गिटारींची पाठ आपल्याकडच्या लाकडाची आहे आणि हे आपल्यातल्या फार कमी जणांना माहीत असतं.

१९९२ मध्ये ब्राझिलियन रोजवूड आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइटीस’ करारात सगळ्यात कडक यादीत गेलं. म्हणजे वाघाचं कातडं ज्या यादीत आहे, त्याच यादीत. तेव्हापासून अशी जुनी गिटार एका देशातून दुसऱ्या देशात विकायची तर कागदपत्रं लागतात. आणि लाकडावर बंदी आली की काय होतं हे वेगळं सांगायला नको. ज्या गिटारींमध्ये ते आधीच अडकलेलं होतं, त्यांचा भाव चढत गेला. २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या भाऊबंदांवर थोडं सौम्य बंधन आलं. वाद्यं बनवणारे आणि वाजवणारे हैराण झाले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोजवूडला मात्र नाही.

मग ते लाकूड खरंच इतकं वेगळं वाजतं का? इंग्लंडमधल्या लँकेस्टर युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी हे तपासलं. त्यांनी एका नावाजलेल्या कारागिराकडून सहा गिटारी बनवून घेतल्या. सगळं एकसारखं, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं. एक ब्राझिलियन रोजवूड, एक आपली शिसव, शिवाय महोगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड. ५२ गिटारवादकांना अंधूक उजेडात, वेल्डिंगचे गॉगल घालून त्या वाजवायला दिल्या, म्हणजे लाकूड दिसणार नाही. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वादकांनी दिलेल्या गुणांमध्ये फार फरक पडला नाही. महागडं लाकूड आणि स्वस्त लाकूड जवळपास बरोबरीत.

खरं तर हे दीडशे वर्षांपूर्वीच कोणीतरी सांगून ठेवलं होतं. आधुनिक स्पॅनिश गिटारचा जनक मानला जाणारा आंतोनियो दे तोर्रेस यानं १८६२ मध्ये एक गिटार बनवली. तिची वरची फळी लाकडाची, पण पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. आपल्याकडे गणपतीची मूर्ती करतात ना, तसा लगदा. त्याला दाखवायचं होतं की, आवाज वरच्या फळीत असतो. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत म्युझियममध्ये आहे.

व्हायोलिनवाल्यांना याहून मोठा धक्का बसलाय. क्लॉडिया फ्रिट्झ आणि तिच्या सहकाऱ्यांनी नामवंत वादकांना डोळे झाकून स्ट्रॅडिव्हेरियस आणि नवी कोरी व्हायोलिनं वाजवायला दिली. अनेकांनी नवं व्हायोलिन पसंत केलं. कुठलं जुनं आणि कुठलं नवं, हेही त्यांना खात्रीनं ओळखता आलं नाही.

म्हणजे जुन्या गिटारीची जादू हे सगळं थोतांड? इतकं सरळही नाही. लाकूड म्हातारं होतं हे खरं आहे. त्यातलं हेमिसेल्युलोज हळूहळू तुटत जातं, राळ सुकून घट्ट होते, हवेतला ओलावा ते कमी शोषतं. फळी हलकी होते, पण ताठ राहते. लवकर कंप पावण्यासाठी नेमकं हेच लागतं. कंपन्यांना यावर इतका विश्वास आहे की, त्या आता नवं लाकूड कमी ऑक्सिजनच्या भट्टीत भाजून काढतात, म्हणजे काही तासांत त्याला म्हातारपण येतं. २०१५ पासून मार्टिनही अशी भाजलेली फळी काही गिटारींना वापरते. आपल्याकडे गवई जुना तानपुरा जिवापाड सांभाळतात आणि नवा नको म्हणतात, त्यांना हे भट्टीचं प्रकरण कितपत रुचेल कोण जाणे. माझं मत विचाराल तर, वयानं जी गिटार सुधारते ती मुळात चांगलीच असते. हलक्या हातानं बनवलेल्या गिटारीला साठ-सत्तर वर्षं मानवतात. जाडजूड गिटारीला ती नुसती चढतात.

आणखी एका कारणाकडे कोणी फारसं बघत नाही. या गिटारी मुळात दुरुस्त करता येतील अशा बनवल्या होत्या. जुने सुतार वापरायचे तो सरस आठवतोय? जनावरांच्या कातड्यापासून केलेला, गरम करून लावायचा. जुन्या गिटारी सरसानं जोडलेल्या आहेत. गरम वाफ दिली की जोड सुटतो. पन्नासेक वर्षांत तारांच्या ओढीनं नेकचा कोन बिघडला की, कारागीर नेक काढतो, कोन सुधारतो, परत बसवतो. पुढच्या पन्नास वर्षांची सोय. अगदी स्वस्तातल्या गिटारींचे नेक बहुतेकदा असे निघतच नाहीत, ओढून काढायला गेलात तर लाकडासकट निघतात. शंभर वर्षं जगण्याची संधी प्रत्येक गिटारीला मिळत नाही, ती बनवतानाच ठरलेली असते.

पण दुरुस्तीचा विषय निघाला की, वादक आणि संग्राहक यांच्यात भांडण सुरू होतं. संग्राहकाला हवी असते अनाघ्रात गिटार. मूळ पॉलिश, मूळ खुंट्या, मूळ ब्रिज, जमलं तर मूळ पेटीसुद्धा. पॉलिशला केसासारख्या भेगा गेल्यात? उत्तम, हात लावू नका. या बाजारातला एक जुना ठोकताळा आहे. कोणी हौसेनं जुनी गिटार घासून नव्यानं पॉलिश केली की, तिची किंमत साधारण निम्म्यावर येते. दिसायला ती आधीपेक्षा सुंदर असली तरी. वादकाला मात्र गिटार वाजायला हवी. फ्रेट झिजले तर बदलायचे, खुंट्या फिरत नाहीत तर नव्या लावायच्या, त्याला इतिहास सांभाळत बसायचं नसतं.

या भांडणात मी कोणाच्या बाजूनं आहे, ते दोन गिटारींमुळे ठरलं. पहिली विली नेल्सनची. १९६९ मध्ये त्याची आधीची गिटार तुटली आणि नॅशव्हिलच्या दुरुस्तीवाल्याकडून त्यानं ही मार्टिन एन-२० न बघताच घेतली, ७५० डॉलरना. तिचं नाव ट्रिगर, सिनेमातला काउबॉय रॉय रॉजर्स याच्या घोड्यावरून. ही नायलॉन तारांची क्लासिकल गिटार. बोटांनी वाजवायची म्हणून तिला प्लास्टिकचं पिकगार्ड नसतं. नेल्सन मात्र ती पिकनं वाजवत राहिला. वर्षानुवर्षं पिक आणि बोटं घासून वरच्या फळीला आरपार भोक पडलं. फळीवर शंभराहून अधिक लोकांच्या सह्या आहेत. टेनेसीतल्या त्याच्या घराला आग लागली तेव्हा तो आत धावला ते ही गिटार बाहेर काढायला. ऑस्टिनमधला एक कारागीर तिला अधूनमधून आतून टेकू देतो, भोक तसंच ठेवतो.

दुसरी टोनी राइसची. १९३५ ची डी-२८, क्लॅरेन्स व्हाइट नावाच्या विलक्षण वादकाची. त्याच्याकडे ती आली तेव्हाच तिची दशा झालेली होती. आवाजाचं भोक कोणीतरी कापून मोठं केलेलं, फिंगरबोर्ड बदललेला. संग्राहकाच्या दृष्टीनं मेलेली केस. नऊ वर्षांच्या टोनीनं लॉस एंजेलिसमध्ये ती व्हाइटच्या हातात पहिल्यांदा बघितली. १९७३ मध्ये व्हाइटला एका दारुड्या चालकाच्या गाडीनं उडवलं. दोन वर्षांनी टोनीनं ती गिटार शोधून काढली आणि ५५० डॉलरना विकत घेतली. पुढची कित्येक वर्षं ब्लूग्रास गिटारचा आवाज कसा असावा, हे जगानं या मोडक्या गिटारीवरून ठरवलं. १९९३ च्या वादळात फ्लोरिडातल्या त्याच्या घरात पाणी शिरलं आणि ती बुडाली. सुकवली, दुरुस्त केली, पुन्हा वाजायला लागली. पुढे एका कंपनीनं टोनी राइसच्या नावाचं मॉडेल काढलं, तेव्हा कोणाच्या तरी हातून कापल्या गेलेल्या त्या भोकाचा मोठा आकारही त्यात मुद्दाम घेतला. आणि अशाच, पण धक्का न लागलेल्या त्याच काळातल्या कितीतरी डी-२८ आज हवामान नियंत्रित खोल्यांमध्ये बंद पडून आहेत. गिटार वाजवली नाही तर तिचा आवाज बसतो, असं वादक म्हणतात. ते सिद्ध करणं कठीण आहे. पण कपाटातल्या गिटारीचा आवाज कोणाला ऐकू येत नाही, हे सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही.

आता तुमच्याकडे वळू. लाखो डॉलरचा विषय तुमच्या-माझ्या खिशाचा नाही. पण दहा-पंधरा हजारांची सेकंडहँड गिटार घेताना जाहिरातीत ‘व्हिंटेज’ हा शब्द दिसतोच, किंवा मामाच्या माळ्यावरून एखादी निघते. तेव्हा एवढं करा. आवाजाच्या भोकाच्या काठाकडे नीट बघा. वरच्या बाजूच्या लाकडाच्या रेषा काठावरून सरळ खाली उतरताना दिसल्या, तर फळी अख्ख्या लाकडाची आहे. सँडविचसारखे थर दिसले तर प्लायवूड. आपल्याकडच्या बऱ्याचशा जुन्या गिटारी प्लायवूडच्याच आहेत. शिकायला त्या उत्तम असतील, पण प्लायवूड वयानं उघडत नाही, त्यामुळे जुनेपणाचे जादा पैसे देऊ नका. मोबाइलचा टॉर्च लावून कॅमेरा भोकातून आत घाला आणि व्हिडिओ काढा, आतली एखादी पट्टी सुटलेली असेल तर दिसेल. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतोय का बघा. सरकला तर ब्रिज उचकटायला लागलाय. बाराव्या फ्रेटपाशी तार तीन मिलिमीटरहून बरीच वर असेल आणि ब्रिजवरचं हाड आणखी खाली घ्यायला जागा उरली नसेल, तर नेकचा कोन गेलाय. तो खर्च गिटारीपेक्षा जास्त होऊ शकतो.

अख्ख्या लाकडाची निघाली, तर सगळ्यात आधी तिला पावसाळ्यापासून वाचवा. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि जुलैतल्या मुंबईत किंवा कोकणात त्याच्या दीडपट तरी असते. ती भिंतीवर टांगू नका. बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि मे महिन्यात नागपूरला नेणार असाल तर त्या पुड्या काढून टाका, कारण तिथे उलटा त्रास, फळीला तडे जातात. आणि माळ्यावरची असेल तर घासूनपुसून पॉलिश करायच्या आधी आतलं लेबल आणि नंबर यांचा फोटो काढून जाणत्या माणसाला दाखवा.

घ्यायची की नाही हे ठरत नसेल, तर लँकेस्टरवाल्यांचा प्रयोग दुकानातच करा. तेवढ्याच किमतीची एक नवी गिटार मागा, दोन्हींना सारख्या तारा आहेत का बघा, मित्राला दोन्हींवर एकच गाणं वाजवायला सांगा आणि तुम्ही पाठ करून उभे राहा. पाच-सहा वेळा, क्रम बदलून. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.